डावा कोपरा

दिवसाला साठेक माणसं माझ्यासमोर स्टूलवर बसतात आणि साठही जणांना मी तेच सांगते: हनुवटी जरा खाली, खांदे सरळ, हलू नका. परवान्याचे फोटो, परीक्षेच्या अर्जाचे फोटो, दवाखान्याच्या कार्डाचे फोटो. मागे पांढरा पडदा, पुढे मी आणि बाजूला दुकानाचे मालक, लोकांचे कागद लॅमिनेट करत उभे. तापलेल्या प्लास्टिकचा तो वास बारा वर्षांत माझ्या केसांतून गेलेला नाही. फोटो हातात पडला की लोक म्हणतात, मी असा दिसतो? मला सांगावंसं वाटतं, असेच दिसता, त्यात माझा काय दोष. पण पोटापाण्याचा प्रश्न असल्यामुळे मी सुट्टे पैसे मोजून देते आणि गप्प बसते.

रविवारी मात्र मी माणसाचं तोंड बघत नाही. पहिली बस पकडून शहराबाहेरच्या तळ्यावर जाते. तळ्याच्या एका अंगाला लव्हाळी आहेत, दुसऱ्या अंगाला दगडाची बंद पडलेली खाण आणि मागे एक ओबडधोबड डोंगर, ज्याच्याकडे गावातलं कोणी मान वर करून पाहत नाही. मी त्याचे इतके फोटो काढले आहेत की त्याने मला ओळख दाखवायला हरकत नाही. डोंगराला हनुवटी खाली घ्या म्हणावं लागत नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा मी त्याच्यावर जीव टाकला असता.

हे सगळं हौसेपुरतं राहिलं असतं, पण मध्ये ते कॅलेंडर आलं. एक रंग बनवणारी कंपनी दरवर्षी भिंतीवर लावायचं मोठं कॅलेंडर काढते. बारा पानं, बारा निसर्गदृश्यं, सगळी एकाच माणसाने काढलेली. ज्याची निवड होते त्याच्याशी तीन वर्षांचा करार करतात, आणि त्या पैशांत मी ते स्टूल, तो पडदा आणि तो प्लास्टिकचा वास कायमचा सोडू शकले असते. मी हिशेब करून पाहिला होता, एकदा नाही, वीसदा.

कॅलेंडरचं काम पाहणाऱ्या बाई कडक होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात छोटं भिंग आणि तोंडावर ना हसू ना राग. माझे फोटो त्यांनी टेबलावर पसरले, एकेकावर भिंग फिरवलं आणि म्हणाल्या की नजर आहे, पण कोपरे मऊ आहेत, पुसट. कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या लेन्सने काढलेत ना, असंही त्यांनी ओळखलं. भिंतीवरचं चित्र माणूस दोन हातांवरून बघतो, चारही कोपरे कडक लागतात. लेन्स बदला आणि मग पुन्हा या, पण एक लक्षात ठेवा, एका माणसाचं काम आम्ही दोनदाच बघतो. मी मान हलवली आणि जिन्यावरून खाली येईपर्यंत मला लेन्स कुठून घ्यायची तेही ठरून गेलं होतं. त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच, मला मामा होता.

माझा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, लेन्स आणि कॅमेरे दुरुस्त करतो. घड्याळाच्या दुकानावरच्या खोलीत त्याचं टेबल आहे. टेबलाला चारही बाजूंनी बोटभर उंच पट्टी ठोकलेली, स्क्रू गडगडून खाली जाऊ नयेत म्हणून. वर हिरवं फडकं आणि औषधांच्या रिकाम्या डब्यांत मोहरीएवढे स्क्रू. लहानपणी सुट्टीत मी त्याच्याकडेच पडलेली असायचे. माझं काम म्हणजे बॅटरी धरणं. त्यावरून त्याने माझं नावच बॅटरी पाडलं आणि मी चाळिशीला आले तरी तो मला त्याच नावाने हाक मारतो.

बॅटरी धरायचं काम साधं नव्हतं, कारण मामाची एक सवय होती. लेन्स उघडली की पुन्हा बंद करण्याआधी तो नळीच्या आतल्या काळ्या भिंतीवर पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहायचा, लेन्सला काय झालं होतं, आपण काय केलं आणि तारीख. काळ्यावर पेन्सिल सरळ पाहून दिसत नाही, उजेड तिरका पडला की अक्षरं चमकतात. म्हणून मी बॅटरी तिरकी धरायची आणि जुनी अक्षरं मोठ्याने वाचायची. ‘बुरशी काढली. एक डाग राहिला.’ ‘स्क्रू दुसऱ्या लेन्सचा लावला आहे.’ मी एकदा विचारलं होतं की हे गिऱ्हाईकाला सांगतोस का. मामा हसला आणि म्हणाला की गिऱ्हाईकाला सगळंच सांगत बसलं तर संध्याकाळ होईल, पण उद्या दुसऱ्या कोणी ही उघडली तर तो फसायला नको. मला ते फार थोर वाटलं होतं. दहा वर्षांच्या पोरीला बरंच काही थोर वाटतं.

तर मी चौदा महिने काटकसर केली. चप्पल दोनदा शिवून घेतली, दुपारचा डबा सोडून बाहेरचं काही तोंडात घातलं नाही आणि एक बऱ्यापैकी लेन्स येईल एवढे पैसे जमवून थंडीतल्या एका सकाळी मामाचा जिना चढले. मामी शेगडीजवळ बसली होती आणि मामा स्वेटरच्या खिशात हात घालून खिडकीपाशी उभा होता.

त्याने आधी मला व्याख्यान दिलं, जे मला पाठ होतं. निसर्गदृश्यं काढणाऱ्याने महागडं भोक विकत घेऊ नये, हे त्याचं आवडतं वाक्य. अंधुक उजेडात काम देणाऱ्या मोठ्या भोकाच्या लेन्स महाग असतात, पण डोंगर काही पळून जात नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा, अ‍ॅपर्चर म्हणजे ते भोक आठ नाहीतर अकरावर बारीक करावं, मग स्वस्त आणि महाग लेन्समधला फरक बराचसा मिटतो. उरलेले पैसे ट्रायपॉडवर घालावेत. पक्षी टिपायच्या लांब नळ्यांकडे बघूसुद्धा नये. काचेतून बॅटरी मारून आत बुरशीचं जाळं आहे का ते पाहावं. आणि पैसे मोजण्याआधी भिंतीवर वर्तमानपत्राची पानं सपाट चिकटवून, त्यांच्या बरोबर समोर कॅमेरा उभा करून फोटो काढावा आणि चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरं वाचता येतात का ते बघावं. माणूस थापा मारतो, वर्तमानपत्राची भिंत मारत नाही, असं तो प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगायचा. त्या खोलीच्या एका भिंतीवर चिकटपट्टीचे डाग पडून पडून नकाशा झाला होता.

मामीने हिरव्या फडक्यावर तीन लेन्स मांडल्या. पहिली नवी, पण सगळी प्लास्टिकची, खेळण्यासारखी हलकी. दुसरी जुनी, धातूची, चोवीस मिलिमीटरची. तिच्यात झूम नाही, फोकस हाताने करायचा आणि माझ्या कॅमेऱ्याला बसवायला मध्ये एक कडं लावावं लागणार. तिसरी मोठ्या कंपनीची झूम, वापरलेली पण चकचकीत, नवी घ्यायची तर माझी तीन वर्षांची बचत गेली असती.

मी जुनी उचलली. हातात घेतल्याबरोबर मला ती आवडली. वजनदार, थंड, रिंग फिरवली की हळू आणि ठामपणे फिरणारी. शिवाय तिन्हींत ती सगळ्यात स्वस्त होती, उरलेल्या पैशांत चांगला ट्रायपॉड आला असता. मामाचं व्याख्यान खरं मानायचं तर हीच लेन्स घ्यायला हवी होती.

मामा म्हणाला, “तिच्या नादी लागू नकोस. रिंग जड आहे, फोकस करेपर्यंत तुझा उजेड निघून जाईल. ही झूम घे. घरची म्हणून देतोय, बाहेरच्याला या भावात दिली नसती.”

मी झूम घेतली, कॅमेऱ्याला लावली आणि सवयीने कोपऱ्यातली रद्दी उचलून भिंतीकडे गेले. चिकटपट्टी दातांनी तोडत होते, तेवढ्यात मामा मागून हसला. “मामाची परीक्षा घेतेस होय ग, बॅटरी? मी पाहिली आहे ना.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्या मांडीला मांडी लावून शिकले त्याच्या मालावर मी संशय घेत होते. मी पानांच्या नीट घड्या करून ती परत कोपऱ्यात ठेवली. कोणत्याही परक्या दुकानदाराकडून लेन्स घेतली असती तर मी त्याच्या नाकासमोर भिंतभर वर्तमानपत्रं चिकटवली असती. मामाकडे ते केलं नाही, कारण तो मामा होता. लेन्स पुसून, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली ती मामीने. मामाचे हात तेव्हाही खिशातच होते आणि मला वाटलं, थंडी आहे.

पुढचं वर्षभर मी काय केलं ते आता आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. पहिल्याच रविवारी तळ्याचे फोटो काढले. उजवीकडची खाण अशी उतरली होती की दगडावरची रेघ न् रेघ मोजावी. डावीकडची लव्हाळी मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखी. मी मामाकडे गेले. त्याने भिंग लावून पाहिलं आणि वारा असेल म्हणाला. लव्हाळी हलतातच. पटण्यासारखं होतं.

दुसऱ्या महिन्यात मी वारा नसलेला दिवस पाहून तळ्यावर गेले, या वेळी चौकटीत डावीकडे लव्हाळी नव्हती, खडक होता. खडकही पुसलेला. मामा म्हणाला, फोकस पुढे पडलाय. तिसऱ्या महिन्यात म्हणाला, अकरावर ठेव. अकरावर ठेवलं, थोडा फरक पडला, पण कोपरा कोपराच राहिला. मी आपल्या मनाने सोळावर गेले, मग बावीसवर गेले, तर भोक अति बारीक होऊन सगळंच चित्र मऊ झालं. मामाने तो फोटो बराच वेळ हातात धरला, म्हणजे टेबलावर ठेवून त्यावर तळहात दाबून धरला, आणि मग ते वाक्य बोलला.

“हात हलतो तुझा.”

मी म्हणाले, कॅमेरा ट्रायपॉडवर असतो. तो म्हणाला, बटण दाबताना हलतो. दिवसभर स्टूलवाल्यांचे फोटो काढून काढून हाताला झटक्याची सवय लागली आहे, हे शिकून येत नाही, काहींचा हात असतोच तसा. हे तो इतक्या मायेने बोलला की मला रडू आलं.

मग मी कॅमेऱ्याला हात न लावता बटण दाबायची वायर घेतली. मग जड ट्रायपॉड घेतला, उधारीवर. त्याच्या खाली दगडांची पिशवी टांगली. चहा सोडला, कारण चहाने हात थरथरतो असं मामा म्हणाला. मालकांनी विचारलं की उपवास आहे का, त्यांना काय सांगणार. रोज सकाळी भिंतीला पाठ लावून श्वास मोजत उभी राहायचे. शेवटी आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझे दोन्ही हात समोर ताठ धरायला लावले, त्यावर एक कोरा कागद ठेवला आणि मिनिटभर घड्याळाकडे बघत राहिले. कागद हलला नाही. डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्हाला काही झालेलं नाही. मी फी दिली, बाहेर आले आणि जिन्यातच ठरवून टाकलं की डॉक्टरांना फोटोतलं काय कळतंय.

खरं सांगायचं तर वर्षाच्या शेवटी माझा हात खरंच हलायला लागला होता. दुकानात लोकांचे फोटो काढताना सुद्धा मी बटणावर बोट ठेवून थबकायचे आणि स्टूलवरचा माणूस श्वास रोखून लाल व्हायचा. मालक एकदा हळूच म्हणाले की पूर्वी तुम्ही एका फटक्यात काढायचात. हो, काढायचे. पूर्वी मला कोणी सांगितलं नव्हतं की माझा हात हलतो.

तरीही मी बारा फोटो निवडले. त्यांत धुक्यातली खाण होती, डोंगरामागे उगवणारा उजेड होता, गारठलेल्या तळ्यावर उतरलेली एकच करडी रेघ होती. चुका लपतील अशी चित्रं मी डोळ्यात तेल घालून शोधली. ती पिशवी छातीशी धरून कॅलेंडरच्या बाईंकडे गेले.

बाईंनी एकेका फोटोवर भिंग फिरवलं. सहाव्या फोटोनंतर त्या थांबल्या, पहिला परत उचलला, मग पाचवा, मग तिसरा. सगळे एकाखाली एक लावले आणि फूटपट्टीने डावी कड दाखवली. “प्रत्येक फोटोत हाच कोपरा गेलाय,” त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, माझा हात हलतो.

बाईंनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं आणि ती बहुधा कीव होती. “हात हलला तर सगळं चित्र हलतं. हात डावी-उजवी बाजू बघून हलतो का? तुमची लेन्स तिरकी आहे. तुम्ही इतकी वर्षं या धंद्यात आहात, तुम्हाला हे कळायला हवं होतं.”

हवंच होतं. हे मला वयाच्या दहाव्या वर्षापासून माहीत होतं, आणि ते शिकवलं होतं त्या मामानेच. बाईंनी फोटो गोळा करून पिशवीत भरून दिले. करार दुसऱ्याला गेल्याचं पत्र यथावकाश आलं, पण मला निकाल तिथेच कळला होता. दोनदा बघतो म्हणाल्या होत्या, दोनदा झालं. माझ्या तीन वर्षांच्या करारावर, स्टूल सोडण्याच्या सगळ्या हिशेबांवर पाणी पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक जेवायला गेले तेव्हा मी काउंटरवर हिरवं नाही पण निदान स्वच्छ फडकं पसरलं. बेसिनचं रबरी बूच लेन्सच्या तोंडावर दाबलं आणि फिरवलं, पुढचं कडं सुटतं ते असंच. कडं काढलं, मोबाइलची बॅटरी तिरकी धरली. अक्षर वाकडंतिकडं झालं होतं, तरी ओळखायला अर्धा क्षणही लागला नाही.

‘पडली. माझ्या हातून. पुढच्या काचा सरकल्या. डावीकडे मऊ. जागेवर बसत नाहीत.’ खाली तारीख होती, मी लेन्स घेतली त्याच्या अकरा दिवस आधीची.

मी ते सवयीने मोठ्याने वाचलं होतं. दुकानात कोणी नव्हतं. ‘माझ्या हातून’ या शब्दांपाशी मी पुन्हा पुन्हा जात होते. खिशातले हात, मामीने मांडलेल्या लेन्स, मामीने बांधून दिलेला कागद, फोटोवर दाबून धरलेला तळहात, सगळं ओळीने डोळ्यांसमोर आलं. हात हलत होता, पण तो माझा नव्हता.

मी कडं परत बसवलं, मालकांना चिठ्ठी लिहिली आणि मामाकडे गेले. जिना चढून दारात उभी राहिले तर टेबलाशी मामी बसली होती. तिच्या डोळ्याला मामाचं भिंग, हातात मामाचा स्क्रू ड्रायव्हर आणि शेजारी मामा उभा राहून सांगत होता, तो नाही, त्याच्या खालचा. त्याचे हात आज खिशात नव्हते. ते बघवत नव्हते, हे मी कबूल करते. पण मी त्या दिवशी कीव करायला गेले नव्हते.

लेन्स मी फडक्यावर ठेवली. बूचही ठेवलं. बूच पाहून मामाला सगळं कळलं.

तो म्हणाला, “आत लिहिलं होतं मी. लपवलं नाही.”

“कोणासाठी लिहिलं होतंस?”

“पुढे जो उघडेल त्याच्यासाठी.”

“आणि मला काय सांगितलंस?”

तो खाली बसला. मग मामी बोलली, स्क्रू ड्रायव्हर हातातच ठेवून. लेन्स एका जुन्या गिऱ्हाईकाची होती, साफ करायला दिलेली. ती यांच्या हातून पडली तेव्हा बाजारातून तसलीच दुसरी आणून त्याला गुपचूप द्यावी लागली, त्यात घरातलं होतं नव्हतं ते गेलं. हात थरथरतो हे बाहेर कळलं असतं तर या खोलीत एक लेन्स आली नसती. पडलेली कोणाला विकायची तर परका माणूस भिंतीवर वर्तमानपत्र लावणार, नाहीतर आठ दिवसांत परत येऊन बाजारभर बोंब मारणार. तू बोंब मारणार नाहीस हे आम्हाला माहीत होतं, असं मामी म्हणाली. अगदी सरळ, दूध उतू गेल्याचं सांगावं तसं.

म्हणजे मी स्वस्तात मिळालेली भाची होते. परक्याने कान धरला असता, म्हणून माझा केसाने गळा कापला.

मी म्हणाले, “लेन्स विकलीस ते एक वेळ मी समजेन, मामा. अडचण होती, मागितले असतेस तर तेवढे पैसे मी तसेच दिले असते. पण वर्षभर माझा हात हलतो म्हणालास.”

मामा टेबलाच्या पट्टीवरून बोट फिरवत होता, आणि ते बोट पट्टीवर टिकत नव्हतं.

“काहीतरी सांगावं लागत होतं,” तो म्हणाला.

एवढंच. मी वर्षभर चहा सोडला, भिंतीला टेकून श्वास मोजले, डॉक्टरांना मूर्खात काढलं, स्वतःच्या बोटावरचा विश्वास घालवून बसले, आणि का, तर काहीतरी सांगावं लागत होतं. मला वाटलं होतं की मी ओरडेन. मी फडक्यावरचं बूच उचललं.

जाताना मी फळीवरून ती जुनी चोवीसची काढली. वर्षभर तिथेच पडून होती, मामीने फडक्याने झाकलेली. मी तिथेच, त्या दोघांसमोर, बूच लावून तिचं कडं सोडवलं आणि बॅटरी तिरकी धरली. ‘रिंग जड. बाकी निर्दोष. कोणा जाणत्याला द्यावी.’ कडं लावलं, वर्षापूर्वी सांगितलेले पैसे टेबलावर ठेवले आणि ती घेऊन आले. मामी म्हणत होती की पैसे नकोत. माझ्या बापाने फुकटात काही घ्यायला शिकवलं नाही, असं मी म्हणाले, आणि ते मामीला लागावं म्हणूनच म्हणाले.

आईला सांगितलं तर आई म्हणाली, जाऊ दे, आजारी माणूस आहे, घरातली गोष्ट घरातच राहू दे. मी म्हणाले, घरातच तर होती.

त्या जुन्या लेन्सने मी तळ्याचा एक फोटो काढला आहे. चारही कोपरे कडक. लव्हाळ्यांचं पातं न् पातं वेगळं. तो छापून बाईंना पाठवावा असं एकदा मनात आलं, पण त्यांचं दोनदा बघून झालं आहे. आणि खरी गोष्ट अशी की तो फोटो काढताना बटणावर बोट ठेवून मी इतका वेळ थांबले की डोंगरावरचा उजेड अर्धा उतरून गेला. लेन्स बदलता येते. ते वाक्य बोटात जाऊन बसलं आहे, तिथे बूच लावून उघडता येत नाही.

गेल्या आठवड्यात दुकानात रांग होती. परवानेवाले होते, परीक्षेवाले होते. पुढचा माणूस आला आणि स्टूलवर बसला तेव्हा मी पडदा सारखा करत होते. वळून पाहिलं तर मामा. दवाखान्याचं कार्ड करायचं होतं, थरथरीसाठी, त्याला फोटो लागतो. मामी बाहेर फुटपाथवर उभी होती, आत यायला धजली नसावी.

रांगेसमोर काय बोलणार. त्याने हात मांडीखाली दाबून घेतले होते, तरी खांदा हलत होता आणि हनुवटी हलत होती. मी दिवे सरळ केले, शटरचा वेग वाढवला आणि सगळ्यांना सांगते तेच त्यालाही सांगितलं.

“हनुवटी जरा खाली. हलू नका.”

त्याने प्रयत्न केला. मला दिसत होतं की तो जिवाच्या आकांताने प्रयत्न करतोय. मी बटणावर बोट ठेवलं आणि कितीतरी महिन्यांनी थबकले नाही. त्याच्या दोन थरथरींच्या मधला क्षण मला दिसला आणि मी तो उचलला.

फोटो स्वच्छ आला. भुवयांचा केस न् केस मोजावा असा, त्यात हललेलं काहीच नाही. मशीनमधून निघालेला कागद कापून मी चार प्रती त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने एक उचलली, ती त्याच्या हातात फडफडत राहिली, तरी त्याने बराच वेळ पाहिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काचा तपासलेला माणूस होता तो, त्याला कळणारच.

“हात चांगला आहे तुझा, बॅटरी,” तो म्हणाला.

वर्षभर मी हे ऐकण्यासाठी त्याचा जिना चढत होते. मी सगळ्यांकडून घेते तेवढे पैसे घेतले, उरलेले सुट्टे मोजून त्याच्यासमोर ठेवले आणि म्हणाले, पुढचे या.